अकरा राजकन्या आणि एक पोटमाळा

माझ्या हातून उभ्या आयुष्यात एकच नियमभंग झाला आणि तोही एका राजकन्येपायी. हे वाचून कोणाच्या मनात भलतंसलतं आलं असेल, तर त्यांनी कृपया माझं वय लक्षात घ्यावं. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. राजकन्या कार्टूनमधली आहे.

मुळात हे लिहावं की नाही, याच विचारात माझे पंधरा दिवस गेले. मी छत्तीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात कार्डं लिहिली. नवं पुस्तक आलं की त्याचं नाव, लेखक, विषय आणि कपाटाचा क्रमांक एका तळहाताएवढ्या कार्डावर उतरवायचा आणि ते कार्ड लाकडी खणात त्याच्या जागी सरकवायचं. माणसांशी बोलावं लागत नाही, म्हणून पत्करलेली नोकरी ती. निवृत्तीच्या दिवशी मी चार पानी भाषण लिहून नेलं होतं. उभा राहिलो, "आभारी आहे" म्हणालो आणि खाली बसलो. बसलो तो नेमका मला मिळालेल्या पुष्पगुच्छावर. त्यानंतर मला कोणी कुठे बोलायला बोलावलं नाही, आणि या बाबतीत जगाचं आणि माझं पूर्ण एकमत होतं.

तर भिंगरी. ही माझी नात. वय आठ. लेक आणि जावई दोघंही नोकरीवर, त्यामुळे शाळा सुटली की ती आमच्याकडे येते. एके दिवशी ती आली, दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. त्या बाटलीवर एका राजकन्येचं चित्र आहे. त्या दिवशी राजकन्येच्या तोंडावर जखमेवर लावायची चिकटपट्टी लावलेली होती. अगदी डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत.

"काय झालं हिला? लागलं का?" मी विचारलं.

"नाही. ती बावळट आहे."

ही तीच बाटली होती, जी भिंगरी झोपताना उशाशी घेते. मी पेपर बाजूला ठेवला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात एक कराटेवाली आहे. तिला पिवळा पट्टा मिळाला आहे, आणि पट्टा मिळाल्यापासून तिला मतंही मिळाली आहेत. ती सगळ्यांसमोर म्हणाली, की सिनेमातल्या राजकन्या नुसत्या बसून राहतात. कोणीतरी येऊन सोडवेपर्यंत वाट बघतात आणि मधल्या वेळात गाणी म्हणतात. मला कोणी कोंडलं तर मी दाराला लाथ घालीन. सगळा वर्ग हसला. भिंगरीची बाटली हातोहात फिरली.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, माझे आजोबा येऊन सिद्ध करतील."

"काय सिद्ध करतील?"

"त्या बावळट नसतात ते."

"आणि कधी येणार आहेत तुझे आजोबा?"

"पुढच्या शुक्रवारी, अडीच वाजता. बाईंनी फळ्यावर लिहिलंय. आता पुसता येणार नाही."

मी आशेने स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "जा की," ती म्हणाली. "नाहीतरी दिवसभर पेपरातल्या चुकाच काढत बसता. तेवढेच पाय मोकळे होतील."

पाय मोकळे होण्याचा आणि चाळीस मुलांसमोर उभं राहण्याचा काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण भिंगरी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तसं माझ्याकडे कोणी बघितल्याला फार वर्षं झाली होती. मी म्हणालो, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे हो. हे मलाच लक्षात राहत नाही.

शाळेने पाहुण्यांसाठी एक अर्ज पाठवला. त्यात "वक्त्याची पात्रता" असा रकाना होता. मी खूप विचार करून लिहिलं, "आजोबा." अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला. शेरा होता, "पात्रता अपुरी. विषयाशी संबंधित अनुभव लिहावा." राजकन्यांशी संबंधित अनुभव मला एकही आठवेना. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "लिहा ना, एकीला बेचाळीस वर्षं सांभाळतो आहे." मी तेच लिहिलं. अर्ज मंजूर झाला! म्हणजे शाळेच्या कचेरीत अर्ज वाचतच नसावेत. नाहीतर आमच्या घरात कोण कोणाला सांभाळतं, हे विचारायला कोणीतरी नक्की आलं असतं.

आता मला एकच गोष्ट करता येते, ती मी केली. कार्डं आखली. प्रत्येक सिनेमाला एक कार्ड. त्यावर रकाने असे: नायिका, संकट, सुटका कोणी केली, कितव्या मिनिटाला. मिनिटं मोजायला स्वयंपाकघरातलं घंटीचं घड्याळ घेतलं. त्यापायी दोन वेळा भात करपला. त्याबद्दल बायको जे बोलली, त्याला कार्डात रकाना नव्हता.

आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट सहा तासांपेक्षा जास्त वेळ गुप्त राहत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहतात. त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"राजकन्यांचं काम काढलंय म्हणे? माझं ऐका. त्या सगळ्या राजपुत्रांचा एकच दोष. उशीर. राक्षस येणार हे माहीत असतं, मग हा घोडेवाला तासभर आधी का निघत नाही? एकोणतीस वर्षांत माझी गाडी मोजून चार वेळा उशिरा पोचली. तुमच्या तक्त्यात उशिराचा रकाना टाका."

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "काका, शंभर वर्षं झोपून उठलेल्या मुलीला कोणी जवळ घेतं? आधी दात घासायला नकोत? मुलांना हे सांगा तुम्ही. फार महत्त्वाचं आहे."

मी दोघांचेही आभार मानले आणि दोघांच्याही सूचना लिहून घेतल्या. मला नाही म्हणता येत नाही. म्हणून माझ्या पहिल्या तीन कार्डांवर "उशीर" आणि "दात" असे दोन रकाने जास्तीचे आहेत.

सिनेमे मिळवायचे कुठून? आमच्या वाचनालयाच्या बालविभागात त्यांच्या डिस्क आहेत. बालविभाग म्हणजे पोटमाळा. लाकडी जिना चढून गेलं की बुटक्या खुर्च्या, एक यंत्र, एक पडदा आणि रस्त्यावर उघडणारी गोल खिडकी. डिस्क घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून बघायच्या. मी मोठ्या उमेदीने गेलो. ग्रंथपाल बाई एके काळी माझ्या हाताखाली होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "या सर! या या!" म्हणाल्या. मी काम सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"सर, तुम्हाला एकट्याला वर नाही सोडता येणार."

"का बरं?"

त्यांनी संकोचाने भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकटीत बालविभागाची नियमावली लावलेली होती. कलम अकरा: 'प्रौढ व्यक्तीस बालसभासदाच्या सोबतीशिवाय बालविभागात प्रवेश नाही.' अक्षर सुंदर होतं. अक्षर माझं होतं. तीस वर्षांपूर्वी ती चौदा कलमं मीच लिहिली होती, आणि अकराव्या कलमाच्या नेमकेपणाबद्दल तेव्हाच्या ग्रंथपालांनी माझी पाठ थोपटली होती.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. मला अपमान वाटला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकाच ठिकाणी वाटल्यामुळे जरा अपचन झाल्यासारखं झालं.

मग भिंगरीला बालसभासद केलं. तिच्या कार्डावर "सोबतचा प्रौढ" म्हणून माझं नाव चढलं. बाई नोंद करत होत्या तोवर भिंगरीने भिंतीवरची चौदाही कलमं ओठ हलवत वाचून काढली. मला वाटलं, पोर कंटाळली असेल.

पुढचे सहा दिवस रोज शाळा सुटली की आम्ही दोघं पोटमाळ्यावर. मी बुटक्या खुर्चीत गुडघे कानाशी घेऊन, हातात घंटीचं घड्याळ आणि कार्ड. भिंगरी जमिनीवर. आरशात अडकलेली राजकन्या पाहिली. ढगावर राहणारी पाहिली. हसू हरवलेली पाहिली. एक तर चक्क किटली झाली होती. सिनेमाभर तिला सगळे चहा करायला वापरत होते आणि ती वाफेतून बोलायचा प्रयत्न करत होती. भिंगरीला सगळी गाणी पाठ. गाणं लागलं की ती गात सुटायची आणि मी यंत्राचं बटण दाबून सिनेमा पुढे पळवायचो. वेळ कमी होता, आणि मला हवं होतं सुटकेचं मिनिट. गाण्यात सुटका होत नाही, असा माझा अनुभव.

"आजोबा, पळवू नका ना!"

"अगं, मुद्द्याचं बघू."

गुरुवारी संध्याकाळी अकरा कार्डं पूर्ण झाली. मी ती टेबलावर मांडली आणि बेरीज केली. सुटका करणारे: राजपुत्र सहा. प्राणी-पक्षी दोन. वडील एक. पश्चात्ताप झालेली चेटकीण एक. स्वतः राजकन्या एक.

अकरात एक.

मी दोनदा मोजलं. माणूस कितीही लाजाळू असला, तरी छत्तीस वर्षं कार्डं लिहिल्यावर त्याला खोटी नोंद करता येत नाही. हात वळतच नाही. समोर भिंगरी हनुवटी टेबलावर टेकून बसली होती.

"किती आले?"

मी सांगितलं.

तिने बाटली जवळ ओढली. दोन दिवसांपासून चिकटपट्टीचं एक टोक निघालं होतं, राजकन्येचा एक डोळा दिसायला लागला होता. ते टोक तिने अंगठ्याने घट्ट दाबून पुन्हा चिकटवलं.

"म्हणजे ती कराटेवाली बरोबर."

"तसं नाही गं..."

"तुम्ही नीट बघितलंच नाही!" ती एकदम उसळली. "तुम्ही फक्त शेवट बघता! सात नंबरची घ्या. घड्याळाच्या मनोऱ्यातली. तो घड्याळजी आला एकाहत्तराव्या मिनिटाला, हे लिहिलंत. पण तो आला कशाला? कोणी सांगितलं त्याला? तेव्हा गाणं चालू होतं आणि तुम्ही पळवलंत!"

मी कार्ड सात उचलून पाहिलं. 'सुटका: राजपुत्र (वेशांतर करून घड्याळजी). मिनिट: ७१.' त्याच्या अलीकडचं मला खरोखर काही आठवेना. वाचनालयातल्या माणसाने पुस्तकाचं शेवटचं पान वाचून कार्ड लिहावं, तसला हा प्रकार. माझ्या हाताखालच्या कोणी हे केलं असतं तर मी त्याला... बोललो नसतो, पण मनातल्या मनात फार बोललो असतो.

शुक्रवारी सकाळी भिंगरी शाळेत गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. मी कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, त्यातलं सात नंबरचं काढून खिशात घातलं आणि बारा वाजता बायकोला म्हणालो, "जरा जाऊन येतो."

"फोन घ्या."

"आत्ता येतो गं."

फोन टेबलावरच राहिला.

वाचनालयात ग्रंथपाल बाई फोनवर कोणाशी तरी वाळवीच्या औषधाबद्दल भांडत होत्या. पाठ माझ्याकडे. भिंगरी बरोबर नव्हती. कलम अकरा भिंतीवरून माझ्याकडे बघत होतं. मी चपला हातात घेतल्या आणि जिना चढलो. हाच तो नियमभंग.

सात नंबरची डिस्क लावली. आवाज अगदी बारीक ठेवला. या खेपेला बटणाला हात लावला नाही. मनोऱ्यातली ती मुलगी गात होती, आणि गाता गाता घड्याळाची चाकं बघत फिरत होती. कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं, ते गाण्यात मोजत होती. मग तिने केसांतली फणी काढली आणि बरोबर मधल्या चाकाच्या दातांत खुपसली. घड्याळ थांबलं. सबंध गावाचा कारभार त्या घड्याळावर चालायचा. लोक घराबाहेर आले, ओरडू लागले, घड्याळजीला बोलावणं गेलं. तो वर आला ते घड्याळ दुरुस्त करायला. त्याला बिचाऱ्याला वर कोणी राहतं हेच माहीत नव्हतं.

मिनिट अठ्ठेचाळीस. मी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. पेन काढलं. आणि तेवढ्यात खालून शिपायाची हाक आली, "मुलांनो, चला!"

एक वाजला होता. दुपारी एक ते साडेतीन वाचनालय बंद असतं. बंद करण्याआधी शिपायाने जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून एकदा हाक द्यायची, हे कलम नऊ. तेही माझंच.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? "आलो हो," म्हणून खाली गेला असता. मी विचार करत बसलो. हाक मुलांना होती, मी मूल नव्हतो. म्हणजे ती मला लागू होत नव्हती. शिवाय खाली गेलो तर बाई विचारणार, सर, तुम्ही वर कसे? छत्तीस वर्षांची अब्रू एका जिन्यावर जाणार. त्यापेक्षा शिपाई बाजूला झाला की हळूच निसटावं. मी श्वास रोखून बसलो. बाईंच्या चपलांचा आवाज दूर गेला. मग कुलूप लागल्याचा आवाज आला. मोठं कुलूप. ते बदलू नये असा अभिप्रायही एके काळी मीच दिला होता.

पहिली दहा मिनिटं मी स्वतःला समजावलं की यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढची दहा मिनिटं मी घाबरलो. अडीच वाजता फळ्यासमोर मी नसणार. भिंगरी दाराकडे बघत बसणार. कराटेवाली हसणार. आणि पोर कायमची समजणार की आजोबा घाबरून पळाले. यातलं सगळ्यात वाईट हे, की तिच्या जागी मी असतो तर मलाही माझ्याबद्दल तेच वाटलं असतं.

गोल खिडकी उघडली. खाली रस्ता. माणसं जात होती. हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं? मी एकदा "अहो, जरा ऐकता का?" असं म्हणून पाहिलं. इतकं अदबीने म्हणालो की कठड्यावरच्या कबुतरानेसुद्धा मान वळवली नाही. थोड्या वेळाने आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईच खालून गेल्या. ओळखीच्या! पण त्या घाईत दिसल्या. कोणाला उगीच अडवावं, हे मला जमत नाही. मी खिडकीतून त्यांना नमस्कार केला. त्यांनी वर पाहिलं नाही.

ढगावरच्या राजकन्येने पडद्यांना गाठी मारून दोर केला होता. इथेही पडदा होता. पण त्याच्या कोपऱ्यात जडवस्तू क्रमांक शिवलेला दिसला. सार्वजनिक मालमत्ता. गाठ मारायचा प्रश्नच नव्हता.

दाराला लाथ घालण्याचा विचारही केला. मग माझा गुडघा आणि ते सागवानी दार यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि तो विचार कराटेवालीला परत दिला.

दोन वाजले. आता माझ्याकडे करण्यासारखं काय उरलं? खिशात एक कार्ड आणि डोक्यात नुकतंच ऐकलेलं एक गाणं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या मुली गात का असतात. बसून राहिल्या म्हणून नाही गात. ओरडायची लाज वाटते, रडायची त्याहून वाटते, आणि कोणीतरी ऐकावं असं तर फार वाटतं, अशा वेळी माणसाकडे दुसरं काय असतं?

मी खिडकीत तोंड घातलं, डोळे मिटले आणि सात नंबरचं गाणं म्हणायला सुरुवात केली. आधी गुणगुणलो. मग जरा मोठ्याने. माझा आवाज कसा आहे, याची नोंद कुठेही नाही. कारण मी आधी कधी गायलोच नव्हतो. चाकं मोजायच्या ओळीवर माझा सूर जो सुटला तो परत आलाच नाही. पण मी थांबलो नाही. एकदा संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

त्या वेळी बाहेर काय चाललं होतं, ते मला मागाहून बायकोने सांगितलं.

दोन वाजता मी परत आलो नाही म्हणून ती थेट शाळेत गेली. बरोबर इंजिन ड्रायव्हरही निघाले, कारण उशीर झालेला त्यांना सहन होत नाही. वर्गाच्या दारात भिंगरीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "आजी, टेबलावरच्या गठ्ठ्यात सात नंबर आहे का?"

बायकोने गठ्ठा पिशवीत घालून आणला होता. कार्डं मोजली. सहानंतर आठ.

"वाचनालय," भिंगरी म्हणाली. बाईंची परवानगी घेतली, बाटली गळ्यात अडकवली आणि निघाली. शाळेपासून वाचनालय दोन गल्ल्यांवर.

शिपाई मागच्या अंगणात डबा खात बसला होता.

"साडेतीनला या."

"अहो, आमचे हे आत असतील," बायको म्हणाली.

"आत कोणी नाही. मी हाक दिली होती. वरचं यंत्र तेवढं चालू राहिलंय. कधीचं वाजतंय. डिस्क खराब झालीय वाटतं, फार भसाडं येतंय."

सगळ्यांनी कान दिला. बायको म्हणते, तिला आधी कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटलं.

"ते यंत्र नाही," भिंगरी म्हणाली. "ते आमचे आजोबा आहेत."

"असतील. पण बाई जेवायला गेल्यात, मधल्या वेळात कुलूप काढायचं नाही असा नियम आहे. मला विचाराल तर मी कधीच काढलं असतं. पण नियम."

इंजिन ड्रायव्हर आवाज चढवणार होते. तेवढ्यात भिंगरीने दप्तरातून सभासद कार्ड काढून शिपायासमोर धरलं.

"कलम चौदा. बालसभासद आपली वस्तू बालविभागात विसरल्यास, वाचनालय बंद असले तरी, शिपायाने दार उघडून नोंदवहीत सही घेऊन ती परत द्यावी."

हे कलम मी का लिहिलं होतं, ते मीच विसरलो होतो. फार वर्षांपूर्वी एका मुलीची बाहुली आत राहिली होती आणि ती सबंध दुपार पायरीवर रडत बसली होती. तेव्हा मला धीर करून तिच्याशी दोन शब्द बोलता आले नव्हते. म्हणून मी नियम लिहिला.

शिपायाने घास गिळला. "वस्तू काय?"

"आजोबा."

शिपायाने डबा बंद केला, हात धुतले आणि किल्ली काढली.

दार उघडलं तेव्हा मी तिसऱ्यांदा चाकं मोजत होतो. जिन्यावर धावती पावलं वाजली. भिंगरी वर आली, धापा टाकत. मी चपला हातात घेऊन उभा होतो.

"मिनिट अठ्ठेचाळीस," मी म्हणालो. "फणी. तुझं बरोबर होतं."

"मला माहितीय," ती म्हणाली. "चला. आठ मिनिटं राहिलीत."

आम्ही अडीचला दोन मिनिटं कमी असताना पोचलो. इंजिन ड्रायव्हरांनी घड्याळ पाहून मान हलवली. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

चाळीस मुलं. फळ्यावर माझं नाव, आणि पुढे "राजकन्यांचे अभ्यासक". मी उभा राहिलो. "आभारी आहे" हे शब्द ओठांवर आले होते आणि खुर्ची मागेच होती. खुर्चीवर पुष्पगुच्छ नव्हता, एवढंही मी पाहून घेतलं. मग पहिल्या बाकावर भिंगरी दिसली, बाटली कवटाळून बसलेली. मी खिशातून कार्ड सात काढलं आणि वाचलं. फणी, चाकं, घड्याळजी, सगळं. मग म्हणालो, "बाकीची दहा कार्डं मी चुकीची लिहिली आहेत. मी गाणी पळवली होती. ती मला पुन्हा बघायची आहेत. एक बारावं कार्ड मात्र आजचं आहे, ते सांगतो. नायिका: एक म्हातारा. संकट: स्वतःच लिहिलेले नियम."

वर्ग हसायला लागला. त्या हसण्याची मला भीती वाटली नाही, याचंच मला नवल वाटलं. मी सगळं सांगितलं. कबुतर, पडदा, डॉक्टरीणबाईंना केलेला नमस्कार.

मागच्या बाकावरून हात वर आला. पिवळा पट्टा दप्तराला बांधलेला होता.

"मी असते तर दार तोडलं असतं."

"तुला तोडता आलं असतं," मी म्हणालो. "मला नाही."

"मग तुम्ही कोंडल्यावर आत काय केलंत? नुसती वाट बघितलीत?"

"वाट बघितली. आणि गायलो."

"त्याने काय झालं?"

भिंगरीच उठली. "त्याने कळलं की ते आत आहेत. नाहीतर शिपाई म्हणत होता, आत कोणी नाही."

कराटेवालीने जरा विचार केला. मला तिचं कौतुक वाटलं, पट्टा मिळाल्यावरही विचार करणारी माणसं थोडी असतात. मग ती म्हणाली, "ते सात नंबरचं मला बघायला मिळेल?"

"बालसभासद व्हावं लागेल," भिंगरी म्हणाली. "आणि मध्ये पळवायचं नाही."

तिने बोलता बोलता बाटलीवरची चिकटपट्टी सोलून काढली. गोंदाचा थोडा डाग राहिला, राजकन्येच्या गालावर. तो अजून आहे.

पुढच्या आठवड्यात मी वाचनालयात गेलो, कबुलीजबाब द्यायला. ग्रंथपाल बाईंनी विसरलेल्या वस्तूंची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. शेवटची ओळ भिंगरीच्या अक्षरात होती. वस्तू: आजोबा. नग: एक. स्थिती: चांगली, आवाज सोडून. त्यापुढचा रकाना 'इतर कोणी मागितल्यास' असा आहे. तिथे तिने लिहिलं होतं, "देणार नाही."

खाली बाईंच्या हातचा लाल शाईतला शेरा होता.

"नियमात बसत नाही. मंजूर."